११२ डबे, एक स्क्रिप्ट: नेटमिकोचे आठ महिने

सुरुवात ऑडिटरच्या एका प्रश्नाने झाली. नंदगड शाखेच्या स्विचचा (शाखेतले कॉम्प्युटर नेटवर्कला जोडणाऱ्या डब्याचा) लॉग माझ्यापुढे धरून ते म्हणाले, "काय ओ, ही शाखा १९९३ साली होती काय?" सिस्कोच्या बऱ्याच जुन्या स्विचमध्ये घड्याळाला बॅटरी नसते. वीज गेली, यूपीएस बसला, की स्विच उठताना तारीख धरतो १ मार्च १९९३ आणि एनटीपी सर्व्हरने खरी वेळ सांगेपर्यंत तिथूनच मोजत राहतो. खानापूर भागात पावसाळ्यात वीज जाणं ही काही बातमी नव्हे. आम्ही सर्व्हरचा पत्ता बदलला होता, नंदगडच्या स्विचला सांगायचं राहिलं होतं.

आमची पतसंस्था, निपाणीपासून खानापूरपर्यंत ३८ शाखा, ११२ स्विच-राउटर आणि सांभाळायला आम्ही दोघं. कुठलाही बदल म्हणजे पुट्टी (स्विचमध्ये लॉगिन करायचा प्रोग्राम) उघडा, नोटपॅडमधल्या ओळी चिकटवा, यादीवर टिक करा. तीन संध्याकाळी जायच्या आणि तरी दोन-चार राहायचेच. कुठले राहिले ते कळायचं नाही, हा खरा जाच.

जूनमध्ये पायथनमधलं नेटमिको घेतलं. कर्क बायर्स यांची ही मोफत लायब्ररी. एसएसएचने (सुरक्षित जोडणीने) लॉगिन करून आपण हाताने टाइप करतो तेच ती टाइप करते, बास. स्विचवर काही बसवावं लागत नाही. स्विचचे पत्ते एका सीएसव्हीत (साध्या तक्त्याच्या फाइलमध्ये) ठेवले, पासवर्ड दरवेळी विचारून घ्यायचा. (आधी फाइलमध्येच लिहिला होता. सांगायला लाज वाटते.) फक्त टेलनेट (एसएसएचच्या आधीची जुनी पद्धत) बोलणारे चार म्हातारे स्विच आहेत, त्यांच्यासाठीही वेगळा प्रकार मिळाला.

पहिल्या महिन्यात फसलो. स्क्रिप्ट म्हणाली, झालं. मोजले तर नऊ जुन्या स्विचनी कमांड नाकारलेली. स्विच 'इनव्हॅलिड इनपुट' म्हणतो, पण नेटमिको आपणहून तक्रार करत नाही. एरर पॅटर्न, म्हणजे कुठला मजकूर दिसला की चूक समजायची ते, दिला तरच ते थांबतं. तेव्हापासून आधीचं कॉन्फिग (स्विचची सेटिंग), बदल, नंतरचं कॉन्फिग आणि दोन्हीतला फरक शाखेच्या नावाने फाइलमध्ये, असा क्रम ठेवलाय. बदल ढकलणारा भाग ३० ओळींचा, तपासणारा २०० च्या वर गेला.

आता ऑगस्टमधला शनिवार. कॅमेऱ्यांसाठी व्हीलॅन ५० (त्याच वायरींवरचं वेगळं नेटवर्क) ट्रंकवर, म्हणजे सगळे व्हीलॅन वाहून नेणाऱ्या जोडणीवर, घालायचं होतं. 'स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन अ‍ॅड ५०' यातला 'अ‍ॅड' मी गाळला. तो शब्द नसला की स्विच जुनी यादी पुसतो आणि एकटं ५० ठेवतो. एकावेळी आठ कनेक्शन चालू होती, आठ शाखा गेल्या. फोन सुरू: "सिस्टीम उघडीनाच झालीय बघा!" मी घाईने स्क्रिप्टची खिडकीच बंद केली, म्हणून उरलेल्या वाचल्या.

गंमत अशी, की कॉन्फिग सेव्ह करायची ओळ स्क्रिप्टच्या शेवटी होती आणि तिथे पोचायच्या आतच कनेक्शन तुटलेलं. म्हणजे स्विच बंद करून चालू केला की जुनं कॉन्फिग परत! सात शाखांत शिपायांनी ते फोनवर ऐकून केलं. निपाणीला रॅकची किल्ली मॅनेजरसाहेबांकडे आणि साहेब लग्नाला. रात्री हायवे धरला. स्विच चालू होऊन दिवे हिरवे व्हायला पाच मिनिटं लागली, जायला-यायला तीन तास.

आता ट्रंकला हात लावण्याआधी 'रीलोड इन १०' देतो. वाट तुटली तर दहा मिनिटांनी स्विच आपणच रीस्टार्ट होऊन जुन्यावर येतो. सगळं ठीक असेल तर 'रीलोड कॅन्सल'. ही कमांड मध्येच कन्फर्म विचारते, तिथे स्क्रिप्ट अडते, त्यामुळे कुठल्या प्रॉम्प्टची (स्विचच्या प्रश्नाची) वाट बघायची ते सांगून ठेवावं लागतं. आणि हे सगळं शाखेचं काउंटर बंद झाल्यावरच. पहिला बळी माझ्या टेबलावरचा जुना स्विच, दुसरी टिळकवाडी शाखा, कारण तिथे चालत जाता येतं.

वेग? एनटीपीसारखा बदल सात-आठ मिनिटांत होतो. सुरुवातीला २० कनेक्शन एकदम लावली होती. शाखांच्या बारीक लाइनवर टाइमआउटची रांग लागली. आठवर आलो. उत्तराची वाट बघायची मुदत मुळात दहा सेकंद असते, जांबोटीसाठी ती ४० केली.

अ‍ॅन्सिबल हे अशाच कामाचं दुसरं साधनही दोन आठवडे वापरून पाहिलं. चांगलं आहे, पण त्याच्या वायएएमएल फाइलमधल्या स्पेस मोजत बसण्यापेक्षा मला पायथनमधली चूक लवकर सापडते. मोठी टीम असेल तर माझं ऐकू नका. दहा-बारा डबेच असतील तर पुट्टी पुरे.

खटकणारी गोष्ट एकच. चिकोडीला दुसऱ्या कंपनीचे दोन स्वस्त स्विच आहेत, त्यांचा मेन्यू नेटमिकोला कळत नाही. सहकारी म्हणतो, बदलून टाकूया की. बजेट मार्चनंतर. तोवर ते दोघे 'राहिलेले' नावाच्या फाइलमध्ये दरवेळी येतात आणि मी हाताने करतो.