एम्प्टीडिर की पीव्हीसी: काही महिने वापरल्यानंतर

आमच्या कुबरनेटिस क्लस्टरवर (कंटेनर चालवणारा सर्व्हरचा समूह, त्यातला प्रत्येक सर्व्हर म्हणजे नोड) मुख्यतः तीन गोष्टी चालतात: पीडीएफ बनवणारी सर्व्हिस, रेडिस (डेटा मेमरीत ठेवणारा स्टोअर) आणि पोस्टग्रेस (डेटाबेस). इतके महिने वापरून माझं मत पक्कं झालंय: पॉड (एकत्र चालणाऱ्या कंटेनरचा गट) गेल्यावर जे परत बनवता येतं, त्याला पीव्हीसी (पॉड गेला तरी टिकणारी डिस्क मागणारी नोंद) देऊ नये. 'असू दे, डेटा जायला नको' म्हणून सरसकट डिस्क जोडणं महागात पडतं, आणि मी फक्त बिलाबद्दल बोलत नाहीये.

पीडीएफची सर्व्हिस पूर्ण एम्प्टीडिरवर (पॉडसोबतच जाणारी तात्पुरती जागा) आहे आणि मस्त चालते. आत क्रोमियम ब्राउझर आहे. कंटेनरला डेव्ह-एसएचएम (शेअर्ड मेमरीची जागा) साधारणपणे ६४ एमबीच मिळतं, त्यात मोठं पान उघडलं की क्रोमियम आडवा. तिथे मेमरी मीडियमचा, म्हणजे डिस्कऐवजी रॅममधला एम्प्टीडिर माउंट केला आणि विषय संपला. मात्र ही जागा कंटेनरच्या मेमरी लिमिटमध्येच मोजली जाते, त्यामुळे लिमिटही वाढवावं लागतं. दुसरं म्हणजे, कंटेनर क्रॅश होऊन परत उठला तरी एम्प्टीडिरमधल्या फायली तशाच राहतात. पॉड नोडवरून हटला तरच त्या जातात. म्हणून अर्धवट लिहिलेल्या फायली स्टार्टअपलाच साफ करतो. साइझलिमिट (एम्प्टीडिरच्या जागेची मर्यादा) तर टाकाच. नाहीतर एकच पॉड नोडची डिस्क भरतो, आणि मोकळी जागा १० टक्क्यांखाली गेली की क्युबलेट (प्रत्येक नोडवरचा कुबरनेटिसचा एजंट) पॉड हाकलायला लागतो. त्यात ज्यांचा काही संबंध नाही असे पॉडही जाऊ शकतात.

रेडिस आमच्याकडे निव्वळ कॅश आहे, त्याला डिस्कच नाही. रिकामा उठतो, थोड्या वेळात भरतो.

पोस्टग्रेसला अर्थातच पीव्हीसी. नव्या ईएक्सटी४ (लिनक्सची फाइलसिस्टिम) डिस्कवर लॉस्ट-अँड-फाउंड फोल्डर असतं, ते बघून इनिटडीबी (पोस्टग्रेसचा डेटा पहिल्यांदा तयार करणारा प्रोग्राम) 'डिरेक्टरी रिकामी नाही' म्हणत अडून बसतो. पीजीडेटा (पोस्टग्रेसच्या डेटाची जागा) एक फोल्डर आत सरकवला की झालं. खरी डोकेदुखी रीड-राइट-वन्सची, म्हणजे डिस्क एका वेळी एकाच नोडला जोडता येते याची. डिप्लॉयमेंटला (एकसारखे पॉड चालवणारी रचना) अशी डिस्क जोडून रोलिंग अपडेट (आधी नवा पॉड, मग जुना बंद) केलं आणि नवा पॉड दुसऱ्या नोडवर पडला, की तो कंटेनर-क्रिएटिंगवर लटकतो आणि डिस्क्राइब कमांडने तपशील पाहिला की मल्टी-अटॅच एरर दिसते. जुना पॉड डिस्क सोडत नाही, नवा तयार झाल्याशिवाय जुना जात नाही. त्यामुळे डेटाबेस स्टेटफुलसेटमध्ये (प्रत्येक पॉडला स्वतःची डिस्क देणारी रचना), आणि डिस्क लागणाऱ्या बाकी एक-पॉडवाल्या किरकोळ गोष्टींना रीक्रिएट स्ट्रॅटेजी (आधी जुना पॉड बंद, मग नवा). मिनिटभर बंद राहिलं तरी चालतं.

स्टोरेजक्लास (डिस्क कशी बनवायची याची सेटिंग) बनवताना रिक्लेम पॉलिसी (पीव्हीसी गेल्यावर डिस्कचं काय करायचं) रिटेन केली, म्हणजे डिस्क मागे राहते. आपोआप बनणाऱ्या डिस्कला एरवी डिलीटच लागते, म्हणजे पीव्हीसी उडवली की डिस्कही गेली. बॅकअप वेगळा लागतोच. चुकीचा डिलीट क्वेरीसुद्धा पीव्हीसी इमानेइतबारे जपून ठेवते! डिस्क वाढवता येते, कमी करता येत नाही, म्हणून सुरुवात लहान साइझपासून.

एक कटकट अजून आहेच. स्टेटफुलसेटचे रेप्लिका (पॉडच्या प्रती) कमी केले तरी त्यांच्या पीव्हीसी मागे राहतात आणि बिल चालू राहतं. रिटेन्शन पॉलिसी लावून हे आपोआप करता येतं, पण डेटाबेसच्या बाबतीत मला ते नको वाटतं. महिन्यातून एकदा यादी काढून पीव्हीसी आणि रिटेनमुळे मागे उरणारी डिस्क, दोन्ही हातानेच उडवतो.