बाशिंग म्हणून विकत घेतलं, निघाला बंगाली मुकुट

आजीच्या लग्नाचा एकही फोटो आमच्याकडे नाही. ती सांगायची एवढंच, की भेंडाचं बाशिंग होतं, वर बेगड लावलेली आणि ते इतकं घट्ट बांधलेलं की कपाळावर दोन दिवस वळ राहिला. तेव्हापासून जुन्या लग्नांच्या फोटोंत मी बाशिंग शोधत असते. म्हणूनच एका विक्रेत्याचा मेसेज आला, 'कोल्हापूरकडचं लग्न, 1932, मूळ कोडॅक्रोम स्लाइड्स, वीस नग, नवरीला बाशिंग', तेव्हा मला राहवलं नाही. (स्लाइड म्हणजे चौकटीत बसवलेला, उजेडात धरून बघायचा फिल्मचा तुकडा; कोडॅक्रोम ही कोडॅक कंपनीची रंगीत फिल्म.) त्याने मोबाइलवर तीन स्लाइड्सचे फोटो पाठवले. साडेनऊ हजार सांगितले. दुसरं गिऱ्हाईक थांबलंय म्हणाला. मी त्याच रात्री यूपीआयने सगळी रक्कम पाठवली.

खरं तर सालावरच थांबायला हवं होतं. 35 मिमीची कोडॅक्रोम फिल्म बाजारात आली 1936 साली.

डबा आला. फोटोत दाखवलेल्या तीन स्लाइड्स पुठ्ठ्याच्या चौकटीतल्या, खरोखरच जुन्या होत्या. नवरीच्या डोक्यावर पांढरंशुभ्र, कोरीव, उंच काहीतरी. पोत अगदी भेंडाचा, म्हणून मी ते बाशिंगच समजले. खालच्या मजल्यावर कोलकात्याच्या काकू राहतात. त्यांनी स्लाइड खिडकीच्या उजेडात धरली आणि लगेच म्हणाल्या, "अगं, हा आमचा मुकुट!" मग त्यांनी नवरीच्या हातांवर बोट ठेवलं. शंखाच्या पांढऱ्या बांगड्या आणि शेजारी लाल, म्हणजे शाखा-पोला. कपाळावर चंदनाचे बारीक ठिपके. मागे अर्धवट दिसणारा नवरा, त्याच्या डोक्यावर निमुळता टोपोर. मुकुट आणि टोपोर दोन्ही शोल्याचे करतात, आणि शोला म्हणजेच आपलं भेंड. माझी नजर फसली ती इथे. बाशिंग कपाळावर उभं बांधतात, दोरी मागे जाते. मुंडावळ्यांचे सर दोन्ही गालांवरून खाली लोंबतात. हातात हिरवा चुडा असतो. यातलं काहीच त्या नवरीच्या अंगावर नव्हतं. डोक्यावर काय आहे याची खात्री नसेल तेव्हा हात बघा, हे मी काकूंकडून शिकले.

उरलेल्या सतरा स्लाइड्स प्लास्टिकच्या चौकटीत होत्या. त्यांत बाशिंगं खरी होती, आणि म्हणूनच जास्त वाईट वाटलं. भिंगाखाली धरल्यावर नवरीचा गाल बारीक बारीक ठिपक्यांत फुटला. ते छपाईचे ठिपके. कुठल्यातरी पुस्तकाची पानं समोर ठेवून काढलेले फोटो होते ते. एक चौकट उघडली तर फिल्मच्या कडेवर 'फुजी' छापलेलं, म्हणजे दुसऱ्याच कंपनीचं नाव.

विक्रेत्याला फोन केला तर त्याने माझा नंबर ब्लॉक केला होता. लाज वाटून मी बारा दिवस कोणालाच सांगितलं नाही, आणि तीच माझी सगळ्यात मोठी चूक. 1930 या सायबर हेल्पलाइनला ताबडतोब फोन केला तर पैसे पुढे जाण्याआधी गोठवता येण्याची शक्यता असते. तक्रार नोंदवली, क्रमांक मिळाला, पैसे अजून मिळालेले नाहीत.

आता मी आधी प्रत्येक स्लाइडचे दोन्ही बाजूंनी, चौकटीसकट आणि मागून उजेड ठेवून काढलेले फोटो मागते. शिवाय एका स्लाइडची चौकट उघडून फिल्मची कड दाखवा म्हणते. गेल्या महिन्यात एकाकडे एवढंच मागितलं, तर त्याचं उत्तरच आलं नाही.