खारदुंग ला चॅलेंज: ७२ किमी, आणि खरी परीक्षा शेवटच्या उतारावर

लडाखमधल्या लेहची ही धावण्याची रेस केली, लोक खूप विचारतात म्हणून लिहितोय. रात्री ३ ला खारदुंग गावातून स्टार्ट, गाव साधारण ४००० मीटरवर आणि तिथून सरळ चढ खारदुंग ला खिंडीपर्यंत, म्हणजे ५३०० मीटरच्या वर, तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा, चार पावलं पळालं की श्वास लागतो मग बहुतेक जण चालतातच, त्यात काही कमीपणा नाही. पूर्ण रस्ता डांबरी-कच्चा असा आहे, डोंगरातली पायवाट हवी असेल तर ही रेस तुमच्यासाठी नाही.

मला सगळ्यात आवडलं ते म्हणजे उंचीवरच्या विरळ हवेची सवय व्हावी म्हणून आधी लेहला येऊन राहायची सक्ती. सुट्टी जास्त लागते, खर्च वाढतो हे खरंय, पण जीव महत्त्वाचा ना! मी १२ दिवस आधी गेलो, पहिले दोन दिवस नुसतं पाणी आणि झोप, तरी डोकं दुखलंच.

पुण्यात सिंहगडावर कितीही वेळा चढलात तरी उंचीचा सराव होत नाही हो, पायांचा मात्र होतो आणि खिंडीनंतर लेहपर्यंत जो लांबलचक उतार आहे तिथे तोच कामी येतो, माझ्या मांड्या तिथेच गेल्या. एका दुकानातून घेतलेले हातमोजे पहाटे ओले होऊन गारठले, बोटं बधिर झाली, तेवढे दोन जोड न्याच.

मी परत जाणार, नक्की.