वकिलाविना केस लढताना : इंडिया कोड आणि ई-एससीआर

फ्रिज चौदा महिन्यांत तीनदा बंद पडला आणि कंपनीने हात वर केले. वकिलांची फी विचारली, ती फ्रिजच्या किमतीच्या जवळपास जाणारी निघाली. तेव्हाच ठरवलं, ग्राहक आयोगात आपणच उभं राहायचं. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे शुल्कही लागत नाही. मी नौपाड्यात राहते, तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. कायद्याचं पुस्तक कधी उघडलं नव्हतं. वर्षभर ज्यांच्यावर विसंबले त्या दोन फुकट सरकारी संकेतस्थळांबद्दल लिहिते आहे.

इंडिया कोडवर केंद्राचे कायदे कलमवार मिळतात. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ तिथून उतरवला, कोर्टनाक्यावर प्रिंट काढून घेतल्या आणि पेन्सिल घेऊन बसले. कलम ६९ वाचलं आणि दोन वर्षांची मुदत डोक्यात पक्की बसली. पण एक सांभाळा. कलम ३४ मध्ये जिल्हा आयोगाची मर्यादा एक कोटी दिसते. २०२१ च्या नियमांनी ती ५० लाख केली आहे. म्हणजे नुसता कायदा वाचून भागत नाही, त्याखालचे नियमही शोधायला हवेत, आणि ते शोधणं नवख्या माणसाला सोपं नाही. माझी रक्कम लहान म्हणून मला फरक पडला नाही. फ्लॅटच्या तक्रारीला पडला असता.

मला खरा हात दिला तो ई-एससीआरने. सर्वोच्च न्यायालयाच्या अधिकृत अहवालातले १९५० पासूनचे निकाल इथे जानेवारी २०२३ पासून मोफत आहेत. कंपनीचा जबाब उशिरा आला. कलम ३८ प्रमाणे ३० दिवस, वर फार तर १५. यावर घटनापीठाचा २०२० चा निकाल आहे, न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्स विरुद्ध हिली मल्टिपर्पज कोल्ड स्टोरेज : ४५ दिवसांपुढे एक दिवसही नाही. मी आनंदाने तक्रार दाखल करून घेतल्याच्या आदेशापासून, २० मेपासून, मोजलं आणि ६७ दिवस लिहिले. निकाल शेवटपर्यंत वाचल्यावर लक्षात आलं की मुदत सुरू होते तक्रारीच्या प्रतीसह नोटीस हातात पडल्यापासून. पोस्टाची पोचपावती काढली : ३ जून. जबाब २६ जुलैचा. ५३ दिवस. अर्जात हाच आकडा घातला आणि पोचपावती जोडली. आयोगाने तो जबाब दाखल करून घेतला नाही. चुकीचा आकडा घेऊन उभी राहिले असते, तर समोरच्या वकिलाने पहिल्या मिनिटात खोडला असता.

तक्रार एकच : मराठी. काही निकालांचे मराठी अनुवाद आहेत, पण मला हवा असलेला मिळाला नाही. इंग्रजी वाचताना दहा-दहा ओळींची वाक्यं तोडून वहीत लिहून काढली, त्यात चार संध्याकाळी गेल्या. माझ्या शेजारणीला हे जमलं नसतं, आणि तिचाही दावा माझ्याइतकाच खरा आहे. तिला मी १५१०० हा विधी सेवेचा क्रमांक दिला. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रीला उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळू शकतो. हे मलाच फार उशिरा, इंडिया कोडवर हा १९८७ चा कायदा चाळताना कळलं.

पाचपैकी चार तारे. पुढच्या तारखेला माझं प्रतिज्ञापत्र आहे, त्याचा मसुदा सध्या चालू आहे.