नागपूरच्या सीताबर्डीतील टीईटी शिकवणी वर्ग : घरी लहान मुले असणाऱ्यांसाठी अभिप्राय

प्राथमिक शिक्षक होण्यासाठी डी.एल.एड. पदविका पुरेशी नसते. त्यानंतर शिक्षक पात्रता परीक्षाही (टीईटी) उत्तीर्ण व्हावी लागते, आणि तिची तयारी करून घेणाऱ्या वर्गांच्या पाट्या सीताबर्डीत पावलोपावली दिसतात. त्यांपैकी ‘गृहिणींसाठी खास बॅच’ अशी जाहिरात करणाऱ्या एका वर्गात मी पहिल्या पेपरची, म्हणजे पहिली ते पाचवीला शिकवण्यासाठी लागणाऱ्या पेपरची, तयारी केली. माझी मुलगी तिसरीत आणि मुलगा बालवाडीत आहे. त्यामुळे हा अभिप्राय त्याच परिस्थितीतल्या वाचकांसाठी आहे. दिवसभर मोकळ्या असलेल्या विद्यार्थ्याचे मत कदाचित निराळे होईल.

सर्वप्रथम वेळेविषयी. सकाळी साडेसातची बॅच आमच्या उपयोगाची नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य शासनाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ वाजता किंवा त्यानंतर भरवण्याचा निर्णय घेतल्यापासून डबे, वेण्या आणि स्कूलव्हॅन हे सारे नेमके त्याच वेळेत येते. अकराची बॅच मात्र खरोखर सोयीची आहे, कारण मुले शाळेत असतानाच ती संपते. शिवाय प्रत्येक तासाचे ध्वनिचित्रमुद्रण परीक्षेपर्यंत ॲपवर उपलब्ध असते, त्यामुळे घरात कोणाला ताप आला तरी अभ्यासक्रम हातचा जात नाही. अडचण येते ती उन्हाळ्यात. विदर्भातील शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात. म्हणजे मे आणि जवळजवळ सगळा जून मुले घरीच असतात आणि भर उन्हात अकरा वाजता सीताबर्डी गाठायची असते. या काळात वर्ग ऑनलाइन घ्यावेत, अशी विनंती आमच्यापैकी अनेकींनी केली, परंतु ती मान्य झाली नाही. जिन्याच्या तोंडाशी ‘लहान मुलांना वर्गात आणू नये’ अशी सूचना लावलेली आहे. सूचना अयोग्य म्हणता येणार नाही, पण तिच्या शेजारीच ‘गृहिणींसाठी खास बॅच’चा फलक झळकतो, याची गंमत वाटल्यावाचून राहत नाही. मागच्या बाकांवर कूलरच्या घरघरीत शिक्षकांचा आवाज पोहोचत नाही, म्हणून पुढची जागा लवकर येऊन धरावी.

आता अध्यापनाविषयी. पहिल्या पेपरात १५० प्रश्न असतात आणि ते अडीच तासांत सोडवायचे असतात. बालमानसशास्त्र व अध्यापनशास्त्र, दोन भाषा, गणित आणि परिसर अभ्यास या पाचही घटकांना प्रत्येकी ३० गुण असतात. खुल्या प्रवर्गाला उत्तीर्ण होण्यासाठी ९० गुण लागतात आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. गणिताचे सर या वर्गाचे खरे बलस्थान आहेत. त्यांनी एके दिवशी फळ्यावर ५२ वजा २७ बरोबर ३५ असे लिहिले आणि हे उत्तर देणाऱ्या मुलाने नेमका काय विचार केला असेल, असे विचारले. बराच वेळ कोणी बोलेना. मग त्यांनी उलगडा केला, की या मुलाला वजाबाकी येत नाही असे नव्हे. प्रत्येक स्थानी मोठ्या अंकातून लहान अंक वजा करायचा असा नियम त्याने स्वतःच बनवला आहे, म्हणून एककाच्या घरात त्याने सातातून दोन वजा केले. अशा मुलाला तेच उदाहरण दहा वेळा घालण्यापेक्षा दशकाचा एक गठ्ठा सुटा करून दाखवावा लागतो. अध्यापनशास्त्रावरील प्रश्नांची याहून चांगली तयारी मला अन्यत्र मिळाली नसती.

बालमानसशास्त्राच्या तासाला मात्र निव्वळ टिपणे उतरवून घ्यावी लागतात. मानसशास्त्रज्ञ पियाजेने सांगितलेल्या मुलांच्या विचारवाढीच्या चार अवस्था, त्यांची वयोमर्यादा, व्याख्या, की पुढचे पान. वस्तुतः परीक्षेतील बरेच प्रश्न वर्गातील एखाद्या प्रसंगावर आधारलेले असतात. समोर बसलेल्यांपैकी निम्म्या जणींच्या घरी उंच पेल्यातले ताक जास्त आहे म्हणून भांडणारे पाच वर्षांचे मूल आहे. त्याला बुटक्या वाटीतले तेवढेच ताक कमी का वाटते, एवढे विचारले असते तरी त्यांतली या वयाची पूर्वक्रियात्मक अवस्था पाठ करावी लागली नसती. मराठी आणि इंग्रजीचे तास समाधानकारक आहेत. परिसर अभ्यास घाईत उरकला जातो.

सर्वोच्च न्यायालयाच्या १ सप्टेंबर २०२५ च्या निकालानंतर सेवेतील अनेक शिक्षकांनाही टीईटी देणे भाग पडले आहे, त्यामुळे बॅचमध्ये गर्दी वाढली आणि शंकानिरसनाची वेळ आक्रसली. पण जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेत एकाच वेळी दोन-तीन इयत्ता कशा सांभाळतात आणि पोषण आहाराच्या नोंदी कधी लिहितात, हे मधल्या सुटीत या मॅडमांकडूनच कळते, आणि माझ्या मते ती माहिती निम्म्या शुल्काच्या मोलाची आहे.

चौकशीच्या टेबलावर दिली जाणारी माहिती जपून घ्यावी. सर्वोच्च न्यायालयाच्या ऑगस्ट २०२३ च्या निकालानुसार केवळ बी.एड. झालेले उमेदवार पहिली ते पाचवीसाठी पात्र ठरत नाहीत, तरीही तशा ताईंनाही पहिल्या पेपरची बॅच सुचवली जाते. दुसरीकडे, टीईटीचे प्रमाणपत्र आता सात वर्षांसाठी नव्हे तर आजीवन ग्राह्य असते, त्यामुळे परीक्षा आज उत्तीर्ण होऊन मूल मोठे झाल्यावर नोकरीचा विचार करता येतो, ही आपल्यासारख्यांच्या कामाची बाब तेथे कोणी सांगत नाही. टीईटीनंतर शिक्षकभरतीसाठी द्याव्या लागणाऱ्या अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणीत १२० मिनिटांत २०० प्रश्न सोडवायचे असतात; त्या वेगाचा सराव या शुल्कात येत नाही, त्यासाठी वेगळी टेस्ट सिरीज घ्यावी लागते. शिक्षकभरतीच्या ‘पवित्र’ पोर्टलवर शाळांचा पसंतीक्रम कसा भरावा, याचे एक व्याख्यान होते खरे, पण दूर देवलापारकडची शाळा मिळाली तर लहान मुलांचे काय करायचे, या प्रश्नावर ‘आधी नोकरी तर लागू द्या’ एवढेच उत्तर मिळाले.

शुल्क तीन हप्त्यांत भरता येते. मध्येच खंड पडला तर पुढच्या बॅचमध्ये विनामूल्य बसू देतात, असे तोंडी सांगितले जाते. ते पावतीवर लिहून घ्यावे.