कॉस की मोंरोज?

फ्रान्सच्या बोर्दोतल्या सँतेस्तेफ गावच्या वाइनची एकच भारी बाटली घ्यायची म्हटलं की गाडी बहुतेकदा या दोघींपाशी येऊन अडते. बोर्दोच्या द्राक्षमळ्यांची १८५५मध्ये दर्जावार यादी झाली, त्या वर्गीकरणात गावातल्या याच दोन मळ्यांना दुसरा दर्जा मिळाला. दोन्हींत काबर्ने सोव्हिन्यों जातीची द्राक्षं जास्त, मग मेर्लो. कागदावर बघून काही ठरत नाही.

मी राहतो तुलूझला, फ्लॅटमध्ये. तळघर वगैरे नाही. २००५ची एकेक बाटली जपून ठेवली होती. गेल्या हिवाळ्यात मटण केलं तेव्हा दोन्ही एकाच संध्याकाळी उघडल्या.

कॉस देस्तुर्नेल आल्या आल्या बोलायला लागली. लवंग, दालचिनी, पिकलेलं काळं फळ, आणि घोट मऊसूत. मोंरोज मात्र गप्प. तुरटपणा असा की हिरड्या आवळल्यासारख्या झाल्या. पहिल्या तासात मत घेतलं असतं तर कॉस सहज जिंकली असती.

पण कॉससोबत हत्तीही येतो. मळ्याचा मालक लुई-गास्पार देस्तुर्नेल, त्याची वाइन हिंदुस्थानात जायची. न खपलेल्या बाटल्या परत आल्या त्या प्रवासाने आणखी चांगल्या झाल्या होत्या, असं सांगतात. गड्याने मग मळ्यावर पॅगोड्यासारखे मनोरे चढवले, झांझिबारहून कोरीव दरवाजा आणला. कर्जापायी १८५२मध्ये मळा विकावा लागला आणि पुढच्याच वर्षी देस्तुर्नेल वारला; वर्गीकरण बघायला राहिलाच नाही. गोष्ट झकास आहे, वादच नाही. शेजारच्या पोयाक गावाकडून येताना लाफितचा मळा मागे टाकून चढ चढलं की ते मनोरे समोर येतात, तेव्हा मीही फोटो काढलाच होता.

वैताग येतो तो टेबलावर. लेबल दिसलं की सगळ्या माना माझ्याकडे. ‘ही तर तुमचीच!’ मग महाराजे, हत्ती, मसाले. आमच्याकडे असे मनोरे नसतात, हे किती वेळा सांगायचं? त्या संध्याकाळीही तेच झालं. बोलण्याच्या नादात कॉस संपली, आणि कशी लागली ते कुणीच बोललं नाही. यात वाइनचा दोष नाही, हे कबूल. पण इतके पैसे मोजून मला दरवेळी प्रवासवर्णन नको असतं.

मोंरोजकडे सांगण्यासारखं कमी आहे. जिरोंद या नदीमुखाच्या बाजूला उतरलेला मळा, खाली रुंद पाणी. त्या पाण्यामुळे थंडीची धार बोथट होते. २०१७च्या एप्रिलमध्ये बोर्दोत गोठलेल्या दहिवराने वेली जळाल्या, तेव्हा नदीकाठचे हे मळे बरेचसे वाचले. बस, एवढंच.

पाहुणे गेल्यावर साडेअकराला मी ओट्याशी उभ्यानेच उरलेली मोंरोज ओतली. तुरटपणा बसला होता. शिसपेन्सिलीला टोक काढताना येतो तसा वास, मागून ओली माती. ग्लास रिकामा झाल्यावरही चव बराच वेळ जिभेवर होती. कॉसचा शेवटचा घोट मला, खरं सांगायचं तर, पहिल्यासारखाच लागला होता.

आज घेऊन आजच पाजायची असेल तर कॉस घ्या, पस्तावणार नाही. मोंरोज घेतलीत तर बाटली आदल्या दिवशी उभी करून ठेवा म्हणजे गाळ खाली बसेल, आणि डिकँटरमध्ये, म्हणजे हवा लागायला वाइन ओतून ठेवतात त्या काचेच्या सुरईत, निदान चार तास द्या.

पाडव्याला मी एकच बाटली काढली. बूच दुपारी तीनलाच उघडलं होतं.