सिरॅमिक कोटिंग सांगून तेल चोपडलं: काळी गाडी असलेल्यांनी पैसे देण्याआधी वाचा

जळगावातल्या एका दुकानाने ‘नाइन एच सिरॅमिक कोटिंग’, म्हणजे रंगाला जपणारा कठीण पारदर्शक थर, करून देतो म्हणून माझ्याकडून १८,००० रुपये घेतले आणि गाडीवर नुसतं चकाकी आणणारं तेलकट पॉलिश चोपडलं. एवढ्यावर थांबले असते तरी पैसे गेले म्हणून सोडून दिलं असतं. पण त्या एका दिवसात त्यांनी रंगाचा जो थर घासून काढला, तो आता कोणी परत आणून देऊ शकत नाही. दुकानाचं नाव लिहीत नाही. तक्रार चालू आहे हे एक कारण, आणि असंच काम करणारी दुकानं आपल्याकडे गावोगाव निघाली आहेत हे दुसरं. नावापेक्षा पद्धत लक्षात राहिलेली बरी.

गाडी काळी आहे, मेटॅलिक नाही, साधा काळा रंग. जपानी बनावटीच्या बऱ्याच गाड्यांचा असा काळा रंग मऊ म्हणून ओळखला जातो. मऊ म्हणजे मूळ रंगावर जो पारदर्शक थर असतो, क्लिअर कोट, तो मऊ. कंपनीतून येताना गाडीच्या पत्र्यावरचा सगळा रंग मिळून साधारण ९० ते १३० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो, आणि त्यातला क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉनचा. माणसाच्या एका केसापेक्षाही पातळ. सगळी चकाकी त्याच थराची, आणि उन्हापासून खालच्या रंगाला वाचवतो तोही तोच. आपण ज्याला ‘गाडीवर जाळी पडली’ म्हणतो, ते या थरावरचे बारीक ओरखडे. ओरखडे असतात सगळ्या दिशांनी, पण उन्हात किंवा दिव्याखाली जे उजेडाला आडवे येतात तेवढेच चमकतात, म्हणून दिव्याभोवती गोल गोल रेघा दिसतात. पांढऱ्या गाडीवरही ते असतातच, दिसत नाहीत इतकंच.

आपल्याकडे ही जाळी पडायला वेळ लागत नाही. माझं रोजचं जाणं-येणं जळगाव–भुसावळ. रस्त्याची धूळ आहेच, कापसाच्या हंगामात जिनिंगकडून उडणारी तूस आहे, आणि दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राच्या बाजूला गाडी उभी राहिली की राखेची पातळ पूड काचेवर हाताला लागते. या राखेत मुख्यतः सिलिका आणि अॅल्युमिना असतं, म्हणजे क्लिअर कोटपेक्षा कितीतरी कठीण कण. त्यात आमच्या सोसायटीत पहाटे एक मुलगा येऊन सगळ्या गाड्यांवर एकच कोरडं फडकं मारून जातो. त्या फडक्यात अडकलेली रेती एका बोनेटवरून दुसऱ्या बोनेटवर फिरते. पोराचा दोष नाही, त्याला तेवढंच सांगितलेलं असतं.

तर ही जाळी घालवायची आणि पुन्हा पडू द्यायची नाही, म्हणून मी त्या दुकानात गेलो. मालक बोलायला गोड. ‘‘भाऊ, एकदा कोटिंग मारलं ना, तीन वर्षं गाडीकडे पाहायचंच काम नाही. चावी घासली तरी ओरखडा पडणार नाही.’’ मग त्याने जुन्या बोनेटचा एक तुकडा काढला, त्यावर लायटर पेटवून धरला, मार्करने रेघ ओढून पुसून दाखवली, पाणी ओतलं तर त्याचे मोत्यासारखे थेंब होऊन घरंगळले. समोर बसून पाहिलं की कोणालाही पटेल असंच ते सगळं बसवलेलं असतं.

आता या प्रयोगांचा खरा अर्थ सांगतो. लोखंडी पत्रा उष्णता पटकन ओढून घेतो, त्यामुळे लायटरच्या दोन सेकंदांच्या ज्योतीने साध्या रंगालाही फारसं काही होत नाही. मार्करची रेघ चांगल्या मेणाच्या थरावरूनही पुसली जाते. पाण्याचे थेंब तर दोनशे रुपयांच्या सिलिकॉन स्प्रेनेही होतात. आणि ‘नाइन एच’ ही पेन्सिलची मोजणी आहे. वेगवेगळ्या कठीणपणाच्या पेन्सिली ठराविक दाबाने पृष्ठभागावर ओढून पाहायच्या, अशी रंगाच्या कारखान्यातली ती चाचणी. ९ एच ही त्यातली सर्वांत कठीण पेन्सिल. तिने ओरखडा पडला नाही याचा अर्थ रेतीनेही पडणार नाही असा होत नाही. खरं सिरॅमिक कोटिंग हा सिलिकायुक्त पदार्थाचा एखाद-दोन मायक्रॉनचा थर. त्याने घाण कमी चिकटते, धुणं सोपं होतं, ऊन आणि रसायनं थोडी कमी बाधतात. हे फायदे खरे आहेत. पण खराब फडक्याने घासलं तर कोटिंगवरही जाळी पडते. चावीचे ओरखडे अडवायचे तर १५० ते २०० मायक्रॉन जाडीची पारदर्शक पीपीएफ (पेंट प्रोटेक्शन फिल्म) लागते, तिचा खर्च लाखाच्या आसपास जातो, आणि तीही मुद्दाम मारलेल्या चावीपुढे टिकेलच असं नाही.

सकाळी गाडी दिली, संध्याकाळी फोन आला, ‘‘भाऊ, या घेऊन जा.’’ दुकानातल्या ट्यूबलाइटखाली गाडी खरंच देखणी दिसत होती, काळा रंग अगदी खोल. हातात एक गुळगुळीत वॉरंटी कार्ड दिलं आणि साध्या पॅडवर लिहिलेलं बिल. कार्डावर मागच्या बाजूला बारीक अक्षरात ‘स्वर्ल मार्क (म्हणजे हीच जाळी), ओरखडे, पाण्याचे डाग वॉरंटीत नाहीत’ आणि ‘दर तीन महिन्यांनी आमच्याकडेच सशुल्क सर्व्हिस बंधनकारक’ असं छापलेलं. बिलावर तर सिरॅमिक हा शब्दच नव्हता, नुसतं ‘बॉडी पॉलिश व क्लिनिंग’. तोंडी एक आणि कागदावर दुसरं.

काही धुण्यांतच थेंब धरणं बंद झालं. मग एकदा भर दुपारी उन्हात गाडी पाहिली तेव्हा जुनी जाळी तर परत आलीच होती, शिवाय बोनेटभर धूसर पट्टे दिसत होते, आपण बाजूला सरकलो की तेही सरकायचे. याला या धंद्यात होलोग्राम म्हणतात. गोल फिरणाऱ्या रोटरी मशीनवर जाड पॅड आणि खरखरीत कंपाउंड (रंग घासायची पेस्ट) लावून घाईत फिरवलं की असे पट्टे पडतात, आणि मऊ रंगावर तर हमखास. दुकानाला फोन केला तर उत्तर तयार होतं: ‘‘तुम्ही बोअरच्या पाण्याने धुतली असेल.’’ आपल्या भागातलं बोअरचं पाणी जड आहे, उन्हात वाळलं की पांढरे डाग पडतात, हे खरंच आहे. पण पाण्याचे डाग ठिपक्यांचे असतात, त्याचे पट्टे होत नाहीत.

खरा उलगडा धुळ्यात झाला. तिथे ओळखीतून एक कारागीर मिळाला, हेच काम शांतपणे करणारा. त्याने बोनेटच्या मधोमध मास्किंग टेप लावली. एका बाजूला पाणी मिसळलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल भरपूर फवारलं, क्षणभर थांबला आणि स्वच्छ मायक्रोफायबरने अगदी हलक्या हाताने टिपून घेतलं. मग टेप काढली आणि हातातला एलईडी टॉर्च तिरका धरला. डावीकडचं अर्धं बोनेट अजून बऱ्यापैकी काळं दिसत होतं. उजवीकडे टेपच्या रेषेपासून पुढे राखाडी धुरकटपणा, त्यात जुने ओरखडे, त्यावर पट्टे, सगळं उघडं. ‘‘दादा, हाई चमक तेलनी शे, रंगनी नही,’’ तो म्हणाला. कंपाउंड आणि ग्लेझमध्ये (चकाकी आणणाऱ्या पॉलिशमध्ये) तेल असतं, ते ओरखड्यांत भरून बसतं, म्हणून दुकानातून निघताना सगळं गुळगुळीत दिसतं. खरं कोटिंग एकदा पक्कं झालं की अशा अल्कोहोलने निघत नाही. निघालं, त्यावरूनच ते काय होतं ते कळलं.

नंतर त्याने पेंटची जाडी मोजणारं गेज लावलं. दरवाज्यांवर ११० च्या आसपास आकडे, बोनेटच्या मध्यावर ९० च्या खाली, आणि बोनेटच्या कडेवर ७५. हे यंत्र एकूण थर मोजतं, क्लिअर कोट वेगळा सांगत नाही, आणि कंपनीतूनही सगळीकडे थर सारखा नसतो. पण कडेवर मुळातच कमी असलेला रंग मशीनने आणखी घासला गेला, एवढं त्यावरून दिसत होतं. कडेला एका जागी तर बोटभर लांबीचा मंद डाग आहे, तिथे क्लिअर कोट जवळपास संपलाय.

मऊ रंगाच्या गाडीवाल्यालाच हे का गाठतात, ते त्याच्याकडून समजलं. मऊ क्लिअर कोट जितका लवकर ओरखडतो तितकाच लवकर चमकतोही. एक हात मारला की गिऱ्हाईक खूश. कठीण रंगावर इतक्या झटपट परिणाम दिसत नाही, तिथे मेहनत दाखवावी लागते. मऊ रंगाचं योग्य काम उलट नाजूक असतं: मऊ पॅड, बारीक पॉलिश, ड्युअल अॅक्शन मशीन (पॅड गोल फिरता फिरता हलवणारं, रोटरीपेक्षा सौम्य), आधी एका छोट्या भागावर करून पाहणं, आणि शेवटी तेल पुसून खरा रंग तपासणं. या कामाला आणि वर कोटिंग नीट बसायला दोन दिवस तरी जातात. मे महिन्यात ४५ अंशांत तापलेल्या पत्र्यावर, उघड्या शेडमध्ये, संध्याकाळपर्यंत सगळं उरकतो म्हणणारा यातलं काहीच करत नसतो.

म्हणून कोणाला हे काम करायचंच असेल तर दुकानदाराला आधी सांगून ठेवा, की पॉलिश झाल्यावर आणि कोटिंग लावण्याआधी अल्कोहोलने पुसून मला उन्हात गाडी दाखवायची. जो खरं काम करतो तो याला नाही म्हणत नाही, कारण कोटिंग धरण्यासाठी ते पुसणं त्याला करावंच लागतं. कोटिंगची बाटली सीलबंद असताना पाहा, समोर फोडायला लावा, नंबराचा फोटो घ्या. एका गाडीचं कोटिंग ३० ते ५० मिलीच्या छोट्या काचेच्या बाटलीत येतं. अर्ध्या लिटरच्या स्प्रेमधून ‘सिरॅमिक’ मारत असतील तर तो फार तर काही महिन्यांचा स्प्रे आहे, आणि त्याचे अठरा हजार होत नाहीत. बोनेट, छत, डिकी आणि कडांचे जाडीचे आकडे कामाआधी आणि कामानंतर लिहून मागा. जीएसटीचं पक्कं बिल घ्या, त्यावर कोटिंगचं पूर्ण नाव आणि किती टप्प्यांचं पॉलिश ते लिहिलेलं असू द्या. ‘बिल नको असेल तर कमी करतो’ म्हणाले की तिथून निघा.

आणि जाळी पडू न देण्याचं बाकीचं सगळं काम धुण्यात आहे, त्याला अठरा हजार लागत नाहीत. कोरड्या गाडीवर फडकं नाही, म्हणजे नाहीच, मऊ मायक्रोफायबरचंही नाही. आधी सावलीत पाण्याच्या फवाऱ्याने धूळ सोडवायची, जमलं तर शॅम्पूचा फेस मारून काही मिनिटं भिजू द्यायची. दोन बादल्या: एकीत शॅम्पू, दुसरीत नुसतं पाणी, आणि प्रत्येक भाग झाला की हातमोजा आधी साध्या पाण्यात खळबळून मगच शॅम्पूत. वरून खाली यायचं, दरवाज्यांचा खालचा भाग आणि बंपर सर्वांत शेवटी, कारण खरी रेती तिथे असते. मोजा जमिनीवर पडला तर तो पुन्हा गाडीला लावायचा नाही. टायरचं कापड वेगळं. पुसताना जाड, मोठा मायक्रोफायबर टॉवेल अंथरून टिपायचं, रगडायचं नाही. हे टॉवेल घरच्या कपड्यांत धुऊ नका आणि त्यांना सॉफ्टनर लावू नका. पाणी जड असेल तर शेवटचा हात आरओच्या किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्याचा द्या. वॉशिंग सेंटरला जावंच लागलं तर फवारा आणि फेसाचे पैसे द्या आणि पुसणं स्वतः करा. सोसायटीतल्या त्या मुलाला आता मी महिन्याचे पैसे तेवढेच देतो, पण माझ्या गाडीच्या फक्त काचा आणि आतलं काम सांगितलंय.

तक्रारीचं थोडक्यात. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर आधी नोंद केली. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत दाद मागता येते, कामासाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही. माझ्याकडे अल्कोहोलने पुसतानाचे फोटो, गेजच्या आकड्यांचा व्हिडिओ, वॉरंटी कार्ड, यूपीआयची पावती आणि ‘सिरॅमिक ३ वर्ष’ असं लिहिलेला दुकानदाराचा व्हॉट्सअॅप मेसेज आहे. बिलावर नसलेलं सिरॅमिक त्या मेसेजमुळे सिद्ध होतं, म्हणून भाव तोंडी ठरला तरी मेसेजवर लिहून घ्याच.

नोंद झाल्यावर दुकानातून फोन आला. ‘‘भाऊ, वाद नको. गाडी आणा, पूर्ण पॉलिश फुकट परत मारून देतो.’’ असा फोन तुम्हालाही येईल. हे अजिबात मान्य करू नका. प्रत्येक रबिंगला क्लिअर कोटचे काही मायक्रॉन जातात, आणि माझ्या बोनेटच्या कडेवर घालवायला काही शिल्लक नाही. मी त्यांना लेखी कळवलं की गाडीला पुन्हा हात लावू देणार नाही, पूर्ण पैसे परत हवेत आणि बोनेट रंगवण्याचा खर्च वेगळा. धुळ्याच्या कारागिरानेही सध्या मशीन लावायला नकार दिलाय. बोनेटवरची जाळी तशीच ठेवा, नीट धूत राहा आणि उन्हापासून झाका, असं त्याने सांगितलंय, आणि मी तसंच करतोय.